नेट नसलेल्या रहिवाशांची मतं घरबसल्या कशी घ्यावीत? (बजेट नगण्य)

कारकून_क: आमच्या कार्यालयाला पाणी सोडण्याच्या वेळा बदलायच्यात, लोकांना विचारून. वस्ती विखुरलेली, बऱ्याच जणांकडे साधे फोन, नेट नाही. हाताशी एक लँडलाइन, मी अर्धवेळ आणि टपालापुरते पैसे. काय करावं?

टिंबटिंब: एसएमएस करा. विषय संपला.

रेघोटी: संपत नाही, तिथेच सुरू होतो. रोमन लिपीत एका संदेशात १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. लांबला की तुकडे, आणि तुकड्यात ६७च. काना-वेलांटी वेगळी मोजतात. नुसता 'स्त्री' सहा जागा खातो. आम्ही अख्खी नोटीस पाठवली. एकाचे सात संदेश झाले, बिलही सातांचं. वर एका आजींचा फोन, "यात प्रश्न कुठाय?" खरंच नव्हता!

जुना_खलाशी: आयव्हीआर लावा, म्हणजे फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज प्रश्न विचारतो, लोक आकडा दाबून उत्तर देतात. आम्ही सर्व्हरच घेतलाय, झकास चालतो.

कारकून_क: सर्व्हर? बजेट वर लिहिलंय हो.

जुना_खलाशी: एकदाच खर्च.

आजोबा_कट्टर: ते "१ दाबा" फार वैतागवाणं. आधी आकडा सांगतात, मग पर्याय. तोवर आकडा विसरतो मी. "सकाळी पाणी हवं असेल तर १" असं उलटं म्हणा की!

कंदिल: सेल ब्रॉडकास्ट? म्हणजे टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनवर एकदम संदेश. कुणाचे नंबरही लागत नाहीत.

रेघोटी: एकतर्फी असतो तो. पुराचा इशारा द्यायला ठीक, उत्तर कुठून येणार?

टिंबटिंब: म्हणून म्हणतो एसएमएस. काँगोच्या दक्षिण किवू प्रांतात सहभागी अर्थसंकल्पाला, म्हणजे पैसा कशावर खर्चायचा ते लोकांनीच ठरवायला, वापरला होता.

कंदिल: तिथे बैठकाही समोरासमोर झाल्या, ते सांगा ना.

माजी_टपालवाला: जोडकार्ड पाठवा, एक भाग आपला प्रश्न, दुसरा त्यांच्या उत्तराचा. टपालखात्याशी उत्तरी परवान्याचं बोलून बघा, मग लोकांना तिकीट लावावं लागत नाही, आणि परतीचं टपाल आपल्याला आलेल्या उत्तरांपुरतंच पडतं. फक्त कार्डावर भागाचा क्रमांक छापा. आम्ही विसरलो. उत्तरं पोतंभर आली, पण कुठल्या गल्लीला काय हवंय, देव जाणे.

टिंबटिंब: एसएमएसमध्ये नंबर आपोआप दिसतो.

कारकून_क: सगळ्यांचे आभार. ठरवलं, यातलं काहीच नको. मंगळवारी-शुक्रवारी संध्याकाळी मीच यादीतल्या घरांना फोन लावणार. काल सहा लावले. चौथ्या बाई वेळेचं सोडून गळक्या व्हॉल्व्हवर वीस मिनिटं बोलल्या. लिहून घेतलं.

रेघोटी: सहाच? यादी केवढी आहे?

कारकून_क: चारशे दहा.

जुना_खलाशी: सर्व्हर घ्या हो.