उत्सवाने गाणं वाचवलं, झीलकरी घालवले? (कॅनडातल्या फ्रेंच लोकसंगीताबद्दल)

बर्फाळ बाळू
अकरा वर्षं माँट्रियालला आहे. जुलैच्या शेवटी इथून तासाभरावर, जोलिएतच्या बाजूला लोकसंगीताचा एक उत्सव भरतो, ‘मेम्वार ए रासीन’, म्हणजे आठवण आणि मुळं. १९९५ पासून चालू आहे. यंदा नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन गेलो.

इकडे गाण्याची एक जात आहे, ‘शाँसों आ रेपाँद्र’. उत्तर द्यायचं गाणं. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती जशीच्या तशी उचलायची. आपल्या शाहिरामागे झीलकरी असतात ना, तसंच. पण इकडे झीलकरी म्हणजे घरातले झाडून सगळे. आजोबा, सून, भांडी घासणारी मावशी. आता मंडपात काय झालं? मंचावरच्या एकाने ओळ टाकली आणि मंचावरच्याच चौघांनी ती माइकवर उचलली. आम्ही घडीच्या खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवल्या. माझ्यापुढे एक आजी होत्या, त्यांचे ओठ सतत हलत होते. सगळी कडवी पाठ. शेजारी त्यांचा नातू मोबाइलवर चित्रण करत होता, आजीचं नाही, मंचाचं.

पूर्वी नववर्षाच्या रात्री टेबल भिंतीला सरकवून स्वयंपाकघरात ‘व्हेये’ व्हायची, म्हणजे रात्रीची बैठक. फिडलवाला (फिडल म्हणजे व्हायोलिनच) कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून दोन्ही पायांनी ठेका धरायचा. माझं मत सरळ आहे. उत्सवाने गाणं वाचवलं, पण गाणाऱ्यांचे श्रोते केले. पटत नसेल तर भांडा.

सौ. खवचट
भांडते. स्वयंपाकघरातल्या बैठका उत्सवाने बंद केल्या का? पोरं शहरात गेली, घरात टीव्ही आला, घरं लहान झाली. उत्सव नंतर आला, पसारा आवरायला. घर जळाल्यावर बंबवाल्याला शिव्या देताय तुम्ही.

आणि हे ‘पूर्वी’ नेमकं कधी? माँट्रियालच्या मोन्युमाँ-नासिओनाल नाट्यगृहात १९२०च्या दशकातच तिकीट लावून ‘व्हेये द्यु बों व्ह्यू ताँ’ व्हायच्या, म्हणजे ‘गेल्या चांगल्या दिवसांच्या बैठका’. शंभर वर्षांपूर्वीच लोक पैसे मोजून हळहळायला जात होते! आणि ला बोल्दुक पुढे आली ती तिथूनच. मेरी ट्रॅव्हर्स हे तिचं मूळ नाव, जन्म १८९४, गास्पेचा किनारा. आधी तिथे फिडल वाजवायला बसली, मग गायला लागली आणि १९२९ पासून तिच्या तबकड्या निघाल्या. ‘तुर्लुत’ म्हणजे शब्दांशिवाय जिभेने तालात गाणं, ते तिने घरोघरी पोचवलं. मंच नसता तर ती पोराबाळांच्या रगाड्यातच राहिली असती. तुमच्या त्या रम्य स्वयंपाकघरात भांडी कोण घासत होतं, तेही तुम्हीच लिहिलंय.

टाळकुटे
बाळूंशी सहमत, पण माझं दुखणं वेगळं आहे. तिकडचे लोकगीतांचे संग्राहक मारियुस बार्बो १९१६ साली ध्वनिमुद्रणाच्या मेणाच्या नळकांड्या घेऊन शार्लव्वा भागातल्या गावांतून हिंडले. पुढे त्यांनी हजारो गाणी जमवली. थोर काम, वादच नाही. आपल्याकडेही मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या ऐकताना माझ्या अंगावर काटा येतो. पण माझ्या घरात जातं नाही आणि मला एकही ओवी ओढता येत नाही. जातं गेलं तशी ओवी गेली, आता ती संग्रहात आहे. तिकडे नाच गेला की रीलचं, म्हणजे फिडलवरच्या त्या जलद चालीचं, तेच होणार. ती नाचायची चीज आहे, चार जोड्यांनी चौकोनात. खुर्च्या मांडल्यात तिथेच घोडं पेंड खातं.

रीलवाला
खुर्च्यांचा मुद्दा एकदम मान्य. पण परंपरा ‘पिढ्यान्पिढ्या हातातून हातात’ आली असं जे सगळे धरून चाललेत ना, त्याला टाचणी लावतो.

ज्याँ कारिन्याँ. १९१६ ते १९८८. क्युबेकचा (माँट्रियाल ज्यात आहे तो फ्रेंचभाषक प्रांत) सगळ्यात मोठा फिडलवादक कोण म्हणाल तर बहुतेक जण हेच नाव घेतील. जोझेफ आलारकडे समोर बसून शिकला, हे खरं. पण मायकल कोलमन आणि जेम्स स्कॉट स्किनर या फिडलवादकांच्या तबकड्या घासघासून ऐकूनही शिकला. एक आयरिश, न्यूयॉर्कला रेकॉर्डिंग करणारा, दुसरा स्कॉटिश. म्हणजे यांच्या ‘मुळां’तली बरीचशी ग्रामोफोनच्या कर्ण्यातून आलेली आहेत. आज पोरगं यूट्यूबवरून रील उचलतं तर नाक का मुरडायचं?

दुसरं, हा माणूस पोटासाठी माँट्रियालमध्ये टॅक्सी चालवायचा. एवढा मोठा कलाकार! तेव्हा मानधन देणारा मंच वाईट असं मी तरी कधी म्हणणार नाही.

जुनाट
‘परंपरा कुणाची’ हा प्रश्न कुणीच घेत नाहीये. सत्तरच्या दशकात हे संगीत उसळून वर आलं ते क्युबेकच्या अस्मितेच्या लाटेवर. १९८०च्या सार्वमतात कॅनडापासून वेगळं होण्याची बाजू हरली आणि पुढची काही वर्षं फिडल ऐकलं की लोकांना ते जुनं राजकारण आठवायचं. झेंडा हातात घेऊन गाणं टिकवलं की झेंड्याबरोबर गाणंही खाली येतं. आपल्याला हे नव्याने सांगायला नको. उद्या बाळूंच्या लेकीने ओळ उचलली तर ती आजी ‘आमच्यातली’ म्हणेल का?

सौ. खवचट
@जुनाट, नाचाचे बोल पुकारणाऱ्याला तिकडे ‘काल्यर’ म्हणतात. इंग्रजी ‘कॉलर’च तो, फ्रेंच तोंडातून आलेला. रील आयरिश-स्कॉटिश, पुकारा इंग्रजी, गाणी फ्रान्सच्या नॉर्मंडी वगैरे भागांतून आलेली. शुद्धतेचा आग्रह धरायला जागाच कुठे आहे? ला बोतीन सूरियांत (तळ उसवून हसणारा बूट, काय नाव आहे!) हा बँड १९७६ साली त्याच जोलिएतकडच्या लानोदिएर भागात सुरू झाला. पुढे त्यांनी चक्क पितळी वाद्यांचा ताफा घेतला. तेव्हाही कुणीतरी कपाळावर हात मारलाच असेल.

बर्फाळ बाळू
तबकड्यांचा मुद्दा लागला, मागे घेतो. भांड्यांचाही. 😀

पण एक सांगायचं राहिलं. रात्री अकरानंतर मंच बंद झाला आणि आम्ही तंबूंच्या भागात गेलो. तिथे विशीतली दोन पोरं, एक पिकला दाढीवाला आणि एक चमचेवाली बाई (दोन चमचे पाठीला पाठ लावून मांडीवर वाजवतात) असे गोल बसले होते. एक चाल इतकी वेडीवाकडी की मात्रा मोजताना मी दोनदा चुकलो. अशा चालींना ते ‘क्रोश’ म्हणतात, वाकडी. दाढीवाल्याने मान डोलावून पोराला सांगितलं की इथे अर्धी मात्रा जास्त आहे. शब्द एक नाही. मग कुणीतरी उत्तराचं गाणं सुरू केलं आणि लेकीकडे बघून भुवई उडवली. तिने ओळ उचलली, उच्चार इथल्या शाळेतले, एकदम पक्के. @जुनाट, कुणी विचारलं नाही ती कुठली म्हणून.

तरी खुर्च्यांबद्दलचं मत कायम. तंबूतली ती पंधरा माणसं म्हणजे उत्सव, आणि तिकीट मात्र मंचाचं.

रीलवाला
मंचाच्या तिकिटाशिवाय ते तंबू पडले असते का?

बर्फाळ बाळू
नसते पडले. माहीत आहे. म्हणूनच चिडचिड होते.

अवांतर: लेक आता जेवताना टेबलाखाली टाच-चवडा-चवडा, टाच-चवडा-चवडा करते. घर लाकडी, खालचे भाडेकरू दोनदा वर येऊन गेले. उपाय?

रीलवाला
प्लायवूडची फळी, खाली जाड गालिचा. मंचावरही पायाखाली फळीच असते, फक्त तिला माइक जोडतात. आणि स्पोर्ट शूज नकोत, चामडी तळाचे जुने बूट बघा.

टाळकुटे
किंवा खालच्यांना वर बोलवा. झील धरायला माणसं हवीच आहेत तुम्हाला.