सर्व्हिसिंगनंतर गाडीचा पिकअप गेला, काय काय तपासू?

उनाडभटक्या:
मंडळी जरा मदत हवीये. पेट्रोल गाडी, मॅन्युअल गिअर, टर्बो नाही. नेहमीची सर्व्हिसिंग करून आणली आणि तेव्हापासून गाडी जड झाल्यासारखी वाटतेय, पहिल्या-दुसऱ्यात फारसं कळत नाही पण तिसऱ्यात ओव्हरटेकला पाय दाबला की नुसता आवाज, मधूनच बारीकसा झटका आणि गाडी आपली सावकाश पुढे. जॉबकार्डवर ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, ब्रेक साफ करून अ‍ॅडजस्ट आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) क्लीनिंग एवढं आहे. चेक इंजिन लाइट नाही. गॅरेजवाला म्हणतो चालवत रहा, आपोआप सेट होईल. खरंच होतं का, की टोलवतोय?

तिसरागिअर:
पाय दाबल्यावर आरपीएमचा काटा झटकन वर जाऊन वेग मागे राहतो, की काटाच आळसावल्यासारखा चढतो? पहिलं असेल तर क्लच स्लिप होतोय, त्याचा सर्व्हिसिंगशी बहुतेक काही संबंध नाही. दुसरं असेल तर इंजिन ताकदच देत नाहीये, नाहीतर देतंय पण ब्रेक धरून बसलेत.

ऑइलमाखा:
+१. ब्रेकचं आधी बघून टाका, फुकटात होतं. शक्यतो ब्रेक कमी वापरत पंधरा-वीस मिनिटं चालवा आणि उतरून चारही रिमजवळ हात न्या (लावू नका, चटका बसेल). एखादं चाक बाकीच्यांपेक्षा चांगलंच तापलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. मागची दोन्ही तापली असतील तर हँडब्रेकची केबल जास्त ताणलीये.

खिडकीशेजारी:
हसू नका, पण एक्सिलेटरखालची मॅट बघा. धुऊन परत टाकताना पुढे सरकली तर पेडल पूर्ण खाली जातच नाही.

फुल्लटँक:
कशाला एवढं, पेट्रोलमध्ये क्लीनरची बाटली ओता, दोन टाक्यांत मोकळी होईल.

ऑइलमाखा:
@फुल्लटँक गॅरेजात जायच्या आधी गाडी नीट होती हो. इंजेक्टर काय सर्व्हिसिंगच्या दिवशी मुहूर्त बघून चोंदले?

उनाडभटक्या:
काटाच हळू चढतो. चाकं सगळी सारखीच कोमट, मॅट जागेवर.

तिसरागिअर:
मग जिथे जिथे हात लागलाय तिथेच शोधा, नवीन पार्ट घ्यायच्या मागे लागू नका. एअर फिल्टरचा डबा उघडून फिल्टर खाचेत नीट बसलाय का, डब्याच्या सगळ्या क्लिपा लागल्यात का, पुढच्या रबरी पाइपचा क्लॅम्प घट्ट आहे का ते बघा. एअरफ्लो सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) असेल तर त्याच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला कुठूनही चोरून हवा शिरली की इंजिनाचा हिशोब चुकतो, पेट्रोल कमी पडतं. मॅप सेन्सरवाल्या (हवेच्या दाबावरून हिशोब करणाऱ्या) गाडीत हाच पाइप सैल असला तरी तेवढा फरक पडत नाही, तिथे थ्रॉटलच्या पलीकडचे व्हॅक्यूमचे बारके पाइप बघायचे.

पण तुम्ही झटका म्हणताय म्हणून माझा संशय प्लगवर आहे. जोर मागितला की सिलिंडरमधलं प्रेशर वाढतं आणि ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे प्लगच्या सिरॅमिकला तडा असेल, गॅप चुकला असेल किंवा कॉइलचा (प्लगला वीज देणारा भाग) कनेक्टर अर्धवट बसला असेल तरी आयडलला (पाय न देता इंजिन नुसतं चालू असताना) गाडी गुळगुळीत चालते आणि नेमकी ओव्हरटेकला मान टाकते.

लाइट नाही म्हणून कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने केलेली बिघाडाची नोंद) नाही असं समजू नका. बरेच बिघाड लागोपाठच्या दोन फेऱ्यांत दिसल्याशिवाय लाइट लागत नाही, तोवर कोड पेंडिंग म्हणून आत पडून असतो. हे कोड वाचणारा साधा ओबीडी स्कॅनर लावा. पी०१७१ आला तर हवेची गळती शोधा, पी०३०० च्या घरातला आला तर मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही), आणि शेवटचा आकडा बहुतेक वेळा सिलिंडरचा नंबर.

आपोआप सेट होण्याचं म्हणाल तर अर्धसत्य आहे. थ्रॉटल साफ केल्यावर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आयडल नव्याने शिकतो हे खरं, पण त्याने आयडल वरखाली होईल, तिसऱ्या गिअरमधली ताकद जाणार नाही.

डिझेलकाका:
वाचणाऱ्या डिझेलवाल्यांसाठी: टर्बो गाडी असेल तर इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग) पाइप आधी बघा, सैल असेल तर शिट्टीसारखा आवाज आणि काळा धूर. डिझेल फिल्टर बदलला असेल तर लाइनमधली हवा नीट काढलीये का बघा.

उनाडभटक्या:
सापडलं! पेंडिंगमध्ये पी०३०३ होता. तिसरा प्लग काढला तर पांढऱ्या सिरॅमिकवर केसाएवढा तडा आणि त्यावरून खालपर्यंत काळी रेघ. गॅरेजवाला म्हणतो कंपनीतूनच तसा आला असेल (!). तो एकच बदलू की चारही?

तिसरागिअर:
बाकीचे तीन नवेच आहेत, एकच बदला, त्याच नंबरचा, गॅप मोजून. आणि कॉइलचा रबरी बूट आतून बघा. तिथेही काळी रेघ उमटली असेल तर बूटसुद्धा बदलून घ्या, नाहीतर ठिणगी परत त्याच वाटेने पळेल आणि नव्या प्लगची वाट लागेल. पाना लावण्याआधी प्लग हाताने आटे पकडेपर्यंत फिरवायला सांगा, तिरका पाना बसला की सिरॅमिक असंच जातं.