लहान गावाने स्वतःचे पोलीस खाते ठेवावे की शेजाऱ्याशी करार करावा? (न्यू जर्सीतील एका प्रस्तावाच्या निमित्ताने)

मिलस्टोनकर (धागाकर्ता)

न्यू जर्सी राज्यात 564 नगरपालिका आहेत आणि त्यांतील बहुसंख्य नगरपालिकांचे पोलीस खाते स्वतःचे आहे. आमचा बरो लहान (बरो आणि टाउनशिप हे इथल्या नगरपालिकांचेच प्रकार), खातेही लहान. सध्या बरोच्या परिषदेपुढे असा प्रस्ताव आहे, की आपले खाते बंद करून शेजारच्या मोठ्या टाउनशिपशी करार करावा आणि तिच्या पोलिसांनीच आमच्या रस्त्यांवर गस्त घालावी. सामायिक सेवांविषयीच्या 2007 च्या कायद्यानुसार असा करार करता येतो. माझा त्याला विरोध आहे. तो ‘आपले ते आपले’ या भावनेतून आलेला नाही, तर हे खाते चालते कसे ते जवळून पाहिल्यामुळे आलेला आहे.

आपल्याकडील अनेक मराठी कुटुंबांची समजूत अशी असते, की इथेही पोलीस म्हणजे ‘सरकारचे’. प्रत्यक्षात राज्याचा कायदा एवढेच म्हणतो, की नगरपालिकेला हवे असेल तर तिने उपविधी करून पोलीस दल उभारावे, त्यात कोणती पदे असतील ते ठरवावे आणि त्या दलावर देखरेख ठेवणारा एक सक्षम प्राधिकारी नेमावा. हा प्राधिकारी महापौर असू शकतो, व्यवस्थापक असू शकतो, परिषदेची समिती किंवा खुद्द परिषदही असू शकते. दलाचे नियम तो करतो. दैनंदिन कामकाज मात्र पोलीसप्रमुखाकडे असते. कोणाची नेमणूक कुठे करायची, कोणत्या पाळीत किती माणसे ठेवायची, कोणता तपास कोणाकडे द्यायचा, हे प्रमुख ठरवतो आणि महिन्यातून निदान एकदा प्राधिकाऱ्यापुढे अहवाल ठेवतो. पोलिसांच्या कामाबाबत परिषदेने एकत्रितपणे किंवा प्राधिकाऱ्यामार्फतच वागावे, असेही कायदा बजावतो. म्हणजे एखाद्या नगरसेवकाने प्रमुखाला फोन करून ‘त्या पोराला सोडून द्या’ किंवा ‘माझ्या गल्लीत रोज गाडी पाठवा’ असे सांगितले, तर त्या सांगण्याला कायद्याचा आधार नसतो. (आपल्याकडे ‘साहेबांना एक फोन टाकतो’ म्हणणाऱ्यांना हे पचायला जरा वेळ लागतो.)

मासिक अहवाल सादर होतो ती सभा खुली असते. किती अपघात झाले, किती घरफोड्या झाल्या, जादा कामाच्या तासांवर किती पैसे गेले, हे तिथे वाचले जाते आणि नंतर कोणाही रहिवाशाला उठून बोलता येते. आमच्याकडे शाळेसमोरच्या चौकात सकाळी पोलिसांची गाडी उभी राहत नाही, ही तक्रार एका आजींनी अशाच सभेत मांडली आणि पुढच्या महिन्याच्या अहवालात त्या चौकाचा स्वतंत्र उल्लेख आला. करार झाल्यावर हा अहवाल शेजारच्या परिषदेपुढे जाईल. त्या परिषदेच्या निवडणुकीत माझे मत नाही, त्या आजींचेही नाही. मी ज्यांना निवडूनही देऊ शकत नाही आणि पाडूही शकत नाही, त्यांच्या हाती माझ्या गल्लीचे पोलीस का सोपवावेत?

वैनतेय

मी मिझुरी राज्यातील सेंट लुईस परिसरात राहतो. ‘गावाचे पोलीस गावाच्या हाती’ हे वाक्य इथे कोणी सहजासहजी उच्चारत नाही.

आमच्या काउंटीत नव्वदच्या आसपास नगरपालिका आहेत. फर्ग्युसन हे त्यांपैकीच सुमारे 21,000 वस्तीचे गाव. ऑगस्ट 2014 मध्ये तिथे मायकेल ब्राउन या तरुणाचा पोलिसाच्या गोळीने मृत्यू झाला आणि मार्च 2015 मध्ये केंद्रीय न्याय खात्याचा अहवाल आला. त्या अहवालात गोळीबारापेक्षा अंदाजपत्रकाचीच चर्चा अधिक आहे. 2015 या आर्थिक वर्षासाठी शहराने धरलेल्या सुमारे 1 कोटी 33 लाख डॉलर महसुलात जवळजवळ 31 लाख डॉलर दंड आणि शुल्कातून येतील, असा अंदाज होता. पाच वर्षांपूर्वी हाच आकडा सुमारे 14 लाख होता. दंडाची तिकिटे लिहिण्याचा वेग वाढला नाही तर पुढच्या वर्षी वसुली वाढवणे अवघड जाईल, असे शहराच्या वित्त अधिकाऱ्याने पोलीसप्रमुखाला लेखी कळवले होते. प्रमुख, न्यायाधीश, वित्त अधिकारी, परिषद, सगळे गावचेच होते. बहुसंख्य रहिवासी कृष्णवर्णीय होते आणि 54 पोलिसांत कृष्णवर्णीय होते फक्त चार.

तेव्हा सभा खुली होती, मतदानाचा हक्क होता, अहवालही होते. धागाकर्ते ज्यांचे कौतुक करत आहेत ती सगळी साधने फर्ग्युसनमध्ये हाताशी होती. दंडाच्या पैशावर गावाचा कर कमी राहत असेल, तर तो दंड कोणाकडून वसूल होतो हे विचारण्याची गरज बहुसंख्य मतदारांना भासत नाही. छोट्या गावात सत्ता जवळ असते हे खरे आहे, पण ती कोणाच्या जवळ असते हेही पाहायला हवे.

मिलस्टोनकर

फर्ग्युसनचे उदाहरण येणार हे गृहीतच धरले होते. पण न्यू जर्सीची रचना मिझुरीसारखी नाही. तिकिटांचा ‘कोटा’ ठरवून देण्यास इथे कायद्यानेच बंदी आहे. नगर न्यायाधीशाला नेमते गाव, पण त्याच्यावर देखरेख राज्याच्या न्यायव्यवस्थेची असते. दलातील अंतर्गत चौकशी कशी करायची, याचे धोरण राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल (राज्याचे मुख्य कायदा अधिकारी) ठरवतात आणि प्रत्येक खात्याला ते पाळावे लागते. काउंटी प्रॉसिक्युटरला, म्हणजे काउंटीच्या मुख्य सरकारी वकिलाला, गव्हर्नर नेमतात. गोळीबारासारखी गंभीर बाब गावाच्या प्रमुखाकडे राहतच नाही. ज्यांना बडतर्फी, पदावनती किंवा पाच दिवसांहून अधिक निलंबनाची शिक्षा झाली त्या पोलिसांची नावे प्रसिद्ध करा, असा आदेश 2020 मध्ये तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल गुरबीर ग्रेवाल यांनी काढला. पोलीस संघटना न्यायालयात गेल्या, पण 2021 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक पोलिसांबाबतचा आदेश कायम ठेवला. आज ही यादी कोणालाही वाचता येते.

वैनतेय

म्हणजे तुमच्या गावाचे पोलीस नीट वागतात ते राज्याच्या धाकाने. मग गावाच्या हाती नेमके उरले काय?

हिशेबी

मी पेशाने लेखापाल आहे आणि एका नगरपालिकेच्या वित्त समितीवर काम केले आहे. वरच्या दोघांच्या वादात न आलेला मुद्दा मांडतो.

एक गस्तीची गाडी चोवीस तास, वर्षभर रस्त्यावर ठेवायची तर वर्षाचे 8,760 तास भरावे लागतात. एका पोलिसाचे कागदोपत्री 2,080 तास असतात. त्यांतून रजा, आजारपण, अनिवार्य प्रशिक्षण आणि न्यायालयातील साक्षीचे दिवस वजा केले की हाती सतराशे-अठराशे उरतात. थोडक्यात, एका गाडीमागे पाच माणसे. दोन गाड्या आणि पाळीवर एक सार्जंट ठेवायचा म्हटला की पंधरा माणसे झाली. त्यावर प्रमुख, एखादा लेफ्टनंट, एक-दोन तपास अधिकारी आणि नोंदी ठेवणारा कारकून. हे गाव पाच हजारांचे असो वा बारा हजारांचे, पाया एवढाच लागतो. दोन खेटून असलेली गावे दोन प्रमुख, दोन पुरावा-कोठड्या आणि दोन संगणक प्रणाली पोसतात, ते यामुळेच.

दुसरीकडे, पगार परिषदेच्या मर्जीवर नाही. इथे पोलिसांना संप करता येत नाही, त्याबदल्यात करारावर एकमत झाले नाही तर प्रकरण बंधनकारक लवादाकडे जाते. लवादाने द्यायच्या वाढीवर असलेली 2 टक्क्यांची मर्यादा 2017 अखेर संपली. नगरपालिकेने मालमत्ता करातून उभारायच्या रकमेवरील वार्षिक वाढीची 2 टक्क्यांची मर्यादा मात्र, काही अपवाद सोडले तर, अजून कायम आहे. पोलिसांचा खर्च त्या मर्यादेपेक्षा वेगाने वाढला की कात्री लागते ती ग्रंथालयाच्या वेळेला, उद्यानाला, रस्त्याच्या डांबराला. अंदाजपत्रक मंजूर करायला परिषद हात वर करते, एवढाच तिचा अधिकार शिल्लक राहतो.

प्रिन्स्टनचे उदाहरण पाहा. तिथे बरो आणि टाउनशिप ही दोन शेजारी गावे होती. नोव्हेंबर 2011 मध्ये मतदारांनी कौल दिला आणि 1 जानेवारी 2013 पासून दोन्ही मिळून एकच नगरपालिका झाली, पोलीस खातेही एकच झाले. तिथे कोणाचे मत हिरावले गेले नाही, कारण परिषदही एकच झाली. म्हणून माझे मत असे, की आमच्यासारख्या गावांनी नुसता पोलीस करार न करता विलीनीकरणाचाच विचार करावा. पण त्यासाठी गावाचे नाव सोडावे लागते, आणि ते सोडायला कोणी तयार नसते.

पांथस्थ

नदीपलीकडून, पेनसिल्व्हेनियातून लिहितो आहे. इथे बरोमध्ये गंमतच आहे. पोलिसांना नेमणे, काढणे आणि संख्या ठरवणे परिषदेकडे, पण त्यांच्यावर प्रत्यक्ष हुकूम महापौराचा. दोघांचे पटत नसेल तर प्रमुखाचा जीव मेटाकुटीस येतो.

आमच्या राज्यात अडीच हजारांहून अधिक नगरपालिका आहेत आणि त्यांतील निम्म्याहून जास्त गावे पूर्ण वेळ किंवा काही वेळ राज्य पोलिसांवर अवलंबून आहेत. त्यासाठी त्यांना वेगळा आकार द्यावा लागत नाही. 2017 मध्ये गव्हर्नर टॉम वुल्फ यांनी अशा गावांकडून माणशी 25 डॉलर घेण्याचा प्रस्ताव मांडला होता, तो बारगळला. फुकट मिळणारी सेवा कोण सोडणार? पण रात्री मदत मागितली की जवळची गाडी वीस मैलांवर असू शकते.

आता छोट्या खात्याची दुसरी बाजू. 2014 मध्ये क्लीव्हलँडमध्ये बारा वर्षांच्या तमीर राईसवर गोळी झाडणाऱ्या पोलिसाला 2022 मध्ये आमच्या राज्यातील टायोगा नावाच्या चिमुकल्या बरोने नोकरीवर घेतले, आणि तेही गावातला एकमेव पोलीस म्हणून. बातमी फुटल्यावर गदारोळ झाला आणि काही दिवसांतच त्याने माघार घेतली. पगार थोडा, अर्ज करणारे कमी, पार्श्वभूमी तपासायला वेगळा माणूस नाही, अशा ठिकाणी दुसरीकडून बाहेर पडलेला माणूस सहज शिरतो. न्यू जर्सीने यावर उपाय म्हणून 2022 मध्ये पोलिसांसाठी परवान्याचा कायदा केला आणि तो 2024 पासून लागू झाला. एकदा परवाना गेला की शेजारच्या गावात नोकरी मिळण्याचा मार्ग बंद. वैनतेय यांचा प्रश्न इथेही लागू पडतो: हा उपायही राज्याचाच.

अनुराधा सातारकर

सातारा जिल्ह्यातून वाचते आहे. पोलीस हा विषय आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्यसूचीत आहे. त्यामुळे नगराध्यक्ष कितीही लोकप्रिय असले तरी ठाण्यातील निरीक्षक त्यांना उत्तरदायी नसतो. तो जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना आणि त्यांच्यामार्फत गृह विभागाला उत्तरदायी असतो. गावपातळीवर उरतो तो पोलीस पाटील, 1967 च्या कायद्यानुसार नेमलेला. त्यालाही ग्रामसभा नेमत नाही, महसुली अधिकारी नेमतात.

सर्वोच्च न्यायालयाने 2006 च्या प्रकाश सिंह प्रकरणात पोलिसांना राजकीय हस्तक्षेपापासून दूर ठेवण्यासाठी निर्देश दिले आणि राज्याने 2014 मध्ये कायद्यात दुरुस्त्या केल्या. तरीही तक्रार घेऊन सामान्य माणसाने जायचे कुठे, हा प्रश्न इथे रोजचा आहे. आमच्या भागातील एका ठाण्यात मोटारसायकल चोरीची साधी फिर्याद नोंदवून घेण्यासाठी आम्हाला तालुक्याच्या पुढाऱ्याची चिठ्ठी न्यावी लागली. त्यामुळे मिलस्टोनकरांच्या त्या आजी सभेत उठून बोलल्या आणि महिन्याभरात कागदावर उत्तर आले, हे वाचून मला हेवा वाटला. राज्याचा धाक आमच्याकडे भरपूर आहे. नाही ती खुली सभा. वैनतेय विचारतात गावाच्या हाती काय उरले, तर मी म्हणेन हेच उरले, आणि ज्यांच्याकडे ते नाही त्यांना त्याची किंमत कळते.

वैनतेय

अनुराधाताई, मुद्दा मान्य. पण ती सभा आजींच्या कामाची ठरली, कारण त्यांना भाषा येते, वेळ आहे आणि त्या घरमालक आहेत. भाड्याच्या खोलीत राहणारा आणि रात्रपाळी करणारा मेक्सिकन मजूर त्या सभेत दिसतो का? गाडी बहुतेक वेळा थांबवली जाते ती त्याची.

मिलस्टोनकर

तो दिसत नाही, हे खरे आहे. पण कराराने तो दिसू लागेल असेही नाही. त्याची तक्रार ऐकणारी खिडकी शेजारच्या गावात, दोन बस बदलून जाण्याइतकी लांब गेलेली असेल.

हिशेबी यांचे गणित मात्र मला खोडून काढता येत नाही. आमच्याकडेही दोन गाड्यांसाठी साधारण तेवढीच माणसे आहेत आणि पुढच्या दोन वर्षांत त्यांतील बरेच जण पंचवीस वर्षांची नोकरी पूर्ण करून निवृत्त व्हायच्या बेतात आहेत. म्हणूनच प्रस्ताव आत्ता आला आहे. कोणालाही काढून न टाकता खाते मिटवण्याची संधी परिषदेला पुन्हा मिळणार नाही.

एक तांत्रिक बाब नव्या वाचकांसाठी. स्वतःच्या दलातील माणसाला काढणेही परिषदेला सोपे नाही. सबळ कारण लागते. अंतर्गत नियमभंगाचा आरोप असेल तर पुरेशी माहिती मिळाल्यापासून 45 दिवसांच्या आत आरोपपत्र दाखल व्हावे लागते, आणि ते बजावल्यावर 10 ते 30 दिवसांत सुनावणी. आरोपपत्राची मुदत हुकली की आरोप बाद. छोट्या गावात ही मुदत हुकते, कारण चौकशी करणारा सार्जंट आणि ज्याची चौकशी करायची तो, दोघे एकाच पाळीत असतात. मोठ्या टाउनशिपकडे निदान अंतर्गत चौकशीचा वेगळा अधिकारी आहे. करारातील एवढी एक गोष्ट मला खरोखर पटते.

तेव्हा पुढच्या सभेत प्रस्ताव फेटाळा असे न म्हणता कराराच्या मसुद्यात चार गोष्टी लिहून मागणार आहे. आमच्या हद्दीत कायम दोन गाड्या राहतील. टाउनशिपचा प्रमुख मासिक अहवाल आमच्या परिषदेपुढे, आमच्याच सभागृहात येऊन सादर करेल. तक्रार नोंदवण्याची सोय बरोच्या कार्यालयात राहील आणि तिथे स्पॅनिशचा दुभाषा असेल. आणि करारातून बाहेर पडायचे ठरले तर किती महिन्यांची नोटीस, गाड्या आणि शस्त्रे कोणाची, हे आधीच ठरलेले असेल. टाउनशिपने यांतील दुसरी अट नाकारली तर माझे मत विरोधातच पडेल.

हिशेबी

दुसरी अट ते मान्य करतील, त्यात त्यांचा खर्च नाही. अडेल ते पहिल्या अटीवर. दोन गाड्या म्हणजे दहा माणसे, आणि दहा माणसांचा पगार तुम्हीच देणार असाल तर वाचले किती, हे सभेत कोणी तरी विचारणारच. तो आकडा बरोबर घेऊन जा.