मदत हवी आहे: शिडाच्या होडीवर एकट्याने झोपायचं कसं?

डिसेंबरात मुंबई ते कोची एकट्याने जायचंय, पाच-सहा दिवस. होडी २६ फुटी. ऑटोपायलट आणि एआयएस (आसपासच्या जहाजांची जागा रेडिओवरून दाखवणारं यंत्र) आहे, रडार नाही, कारण त्याला बॅटरी पुरत नाही. २० नॉटने (ताशी साधारण ३७ किमी) येणारं जहाज दिसल्यापासून वीसेक मिनिटांत अंगावर येतं, म्हणून तेवढ्याच डुलक्या घ्यायच्या, एवढं माहीत आहे.

सोलापुरात समुद्र कुठला! गच्चीवर तीन रात्री सराव केला. दर २० मिनिटांनी गजर, उठून चारी बाजूंना नजर, वहीत वेळ. दुसऱ्या रात्री तीननंतर वहीत नोंदच नाही. गजर झोपेतच बंद केलेला. (यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेला माणूस, आवाजाने काय उठणार?) मोबाईल डब्यात ठेवून पाहिला, तोही उपयोग दोनच तास. दिवसा दीड तास सलग झोपलो तर उठल्यावर दहा मिनिटं डोकं बधिर.

किनाऱ्यापासून लांब राहणार आहे, तरी मच्छीमार होड्या आणि जाळी असतीलच. लहान होड्या एआयएसवर दिसतीलच असं नाही. कॉफी चालत नाही, पित्त होतं. सोबत कुणाला न्या, हा सल्ला घरून रोज मिळतो.

ज्यांनी एकट्याने रात्री काढल्यात त्यांना विचारतो: आवाजाशिवाय उठवणारं काय वापरता? आणि लांब झोप दिवसा घ्यावी की रात्री?