बेस्ट मॅनने भाषणात नवऱ्याची फिरकी घ्यावी का?

लीड्सकर
ऑगस्टमध्ये यॉर्कजवळ माझ्या इंग्रज मित्राचं लग्न आहे आणि बेस्ट मॅन, म्हणजे नवरदेवाचा पाठराखा, मी आहे. अंगठ्या सांभाळणं, नवरदेवाला वेळेत चर्चमध्ये उभं करणं, हे सगळं आनंदानं करीन. प्रश्न भाषणाचा आहे. इकडे रिवाज असा, की आधी मुलीचे वडील बोलतात, मग नवरा आणि शेवटी बेस्ट मॅन. त्यानं नवऱ्याचे जुने पराक्रम काढून मांडव हसवावा अशी सगळ्यांची अपेक्षा असते. मागे एका लग्नात बेस्ट मॅननं नवऱ्याच्या जुन्या मैत्रिणींची यादीच वाचली. नवरी हसत होती, पण हातातल्या नॅपकिनच्या घड्या घालून घालून तिनं तो एवढासा केला होता. शेजारी तिची आजी. ज्याच्या पाठीशी उभं राहायचं, त्याचीच चारचौघांत लाज काढायची हे मला पटत नाही. मी फक्त चांगलं बोलणार. तुमचं मत?

वॉटफर्डची वहिनी
अजिबात पटलं नाही. "तो फार गुणी मुलगा आहे" एवढंच बोललात तर लोकांना वाटेल, याची नवऱ्याशी धड ओळखही नाही. इथे तोंडावर कौतुक करायला माणसं अवघडतात, ते चेष्टेच्या आडून करतात. चांगल्या भाषणात शेवटी आवाज बदलतो, दोन वाक्यं अगदी मनापासून येतात आणि सगळे उभे राहून ग्लास उंचावतात. आधी हसवलेलं असतं म्हणून ती दोन वाक्यं भिडतात. आणि आपल्याकडे तरी नवऱ्याला कोण सोडतं? कानपिळी आहे, बूट लपवणं आहे, विहिणीच्या पंगतीतली गाणी आहेत.

कोथरूडकर
वहिनी, कानपिळीचा दाखला इथे लागू पडत नाही. कान पिळतो तो नवरीचा भाऊ, म्हणजे समोरच्या पक्षाचा. त्याच्या हातात आहेर पडला की विषय मिटला. तो नवऱ्याचं गुपित फोडत नाही, कारण त्याच्याकडे ते नसतंच. मित्राकडे असतं, विश्वासानं दिलेलं असतं. शिवाय आता प्रत्येक टेबलावर मोबाइल उभा. बोललेलं संध्याकाळपर्यंत सासरच्या ग्रुपवर. लीड्सकरांना माझा पूर्ण पाठिंबा.

वसईचा पाहुणा
आमच्या कॅथलिक लग्नांत बेस्ट मॅन असतोच. चर्चच्या नियमानुसार लग्नाला धर्मगुरूंखेरीज दोन साक्षीदार लागतात आणि बहुतेक वेळा त्या सह्या बेस्ट मॅन आणि ब्राइड्समेड, म्हणजे नवरीची पाठराखीण, करतात. टोस्टला, म्हणजे ग्लास उंचावून शुभेच्छा द्यायला, मात्र पुष्कळदा घरातला एखादा काका किंवा मामा उभा राहतो. त्यामुळे मित्रावर हसवायचं ओझं येत नाही. माझ्या मते खरा मान त्या सहीचा. उद्या कुणी विचारलं तर "हो, माझ्यासमोर झालं" असं सांगणारा माणूस तो. भाषणावरून एवढं कशाला?

वॉटफर्डची वहिनी
इंग्लंडमध्येही दोन साक्षीदार लागतात, पण त्यात बेस्ट मॅन असलाच पाहिजे असं नाही. पुष्कळदा आई-वडीलच सही करतात. म्हणजे कायद्यानं त्याला काहीच काम नाही, लोक वाट बघतात ती त्याच्या भाषणाची. तेच मिळमिळीत केलंत तर मित्राला वाईट वाटेल, हे मी इतकी लग्नं पाहून सांगते. मैत्रिणींची यादी वाचणारा माणूस आचरट होता, त्यावरून प्रथाच मोडीत काढू नका. नवरा फजीत झाला पण माणूस म्हणून चांगला दिसला, असा प्रसंग शोधा.

लीड्सकर
असा एक आहे. माझी आई इथे आली होती तेव्हा यानं तिच्यासाठी पोहे केले. पोहे भिजवायचे असतात हे ठाऊकच नव्हतं, कोरडेच फोडणीत टाकले. आईनं कुरकुरीत बशीभर संपवले आणि तो आणखी वाढत राहिला. हे सांगायला माझी हरकत नाही. पण त्याला आधी विचारणार.

वॉटफर्डची वहिनी
विचारलंत की मजा गेली. नवऱ्याला काही माहीत नसतं, म्हणून तर तो तसा हसतो.

कोथरूडकर
मग नवरीला विचारा. त्याला कळणार नाही आणि तिला पाहुण्यांसमोर धक्का बसणार नाही. जुन्या मैत्रिणीचं नाव मात्र एकही नको, यावर मी ठाम आहे.