जीएमची (जनरल मोटर्सची) गाडी घ्यावी का? आणि इकडचे लोक तिच्याबद्दल असं का बोलतात?

हिंजवडी_ते_नोव्ही

नमस्कार मंडळी,

ऑगस्टमध्ये कंपनीने उचलून मिशिगनला आणून ठेवलं. नोव्हीत राहतो. बायको आणि मुलगी दिवाळीनंतर येतील, त्याआधी म्हणजे बर्फ पडायच्या आत गाडी हवी. एक सेकंडहँड शेव्ही, म्हणजे जीएमची शेवरोले, पाहून आलोय. चालवली, आवडली, किंमतही बसते.

ऑफिसात सहज बोललो आणि फसलो. एक जण म्हणाला शेव्हीच घे, या भागाचं घर त्यावर चाललंय. दुसरा म्हणाला फुकट दिली तरी नको. तिसऱ्या बाई आधी पोटभर हसल्या, मग म्हणाल्या, माझे आजोबा इथेच मिशिगनात फ्लिंटला जीएमच्याच विरुद्ध संपाला बसले होते आणि मरेपर्यंत यांचीच ब्युइक चालवत होते, आता तू काय ते ठरव.

मी पुण्याचा, मला शेवरोले म्हणजे तळेगावचा कारखाना आणि मामाची टवेरा एवढंच ठाऊक. या कंपनीचं नक्की काय आहे? जाणकारांनी जरा विस्ताराने सांगावं.

सरळ_उत्तर

टोयोटाची कॅमरी घ्या आणि झोपा. पुढचे प्रतिसाद वाचू नका.

जुना_गेज

वरचं उत्तर चूक नाही, पण प्रश्न तो नव्हता.

आधी मी कोण ते. चिंचवडला क्वालिटीत सुरुवात केली, पुढची पंचवीस वर्षं डेट्रॉईटच्या आसपास सुटे भाग पुरवणाऱ्या व्हेंडरांकडे काढली. कुणाकडे ते विचारू नका. आता निवृत्त आहे, मफलर गुंडाळून बर्फ काढतो.

इतिहास उरकतो. विल्यम ड्युरंट हा फ्लिंटचा घोडागाड्यांचा कारखानदार. ब्युइक त्याच्या हातात आली आणि १६ सप्टेंबर १९०८ ला त्याने जनरल मोटर्स काढली. मग वर्षभरात ओल्ड्समोबिल, ओकलंड (पुढे हिचीच पॉन्टिॲक झाली), कॅडिलॅक, अशी खरेदी चालली जशी लग्नघरातली बस्त्याची असते, कुणीतरी हात धरेपर्यंत. १९१० ला बँकांनी हात धरला आणि बाहेर काढला. गड्याने लुई शेवरोले या शर्यतीतल्या ड्रायव्हरला जोडीला घेऊन शेवरोले उभी केली, तिच्या जोरावर १९१६ ला जीएम परत मिळवली आणि १९२० ला पुन्हा घालवली. म्हातारपणी फ्लिंटला बोलिंग ॲली चालवायचा. मला हा माणूस आवडतो. पैसे मात्र त्याच्याकडे ठेवले नसते.

कंपनी चालवली ती आल्फ्रेड स्लोनने, १९२३ पासून. फोर्ड तेव्हा सगळ्यांना एकच काळी गाडी देत होता. स्लोनने उतरंड रचली: खाली शेवरोले, मग पॉन्टिॲक, ओल्ड्समोबिल, ब्युइक आणि वर कॅडिलॅक. पगार वाढला की एक पायरी चढा. हप्ते बांधून द्यायला घरचीच कंपनी १९१९ पासून होती. शिवाय दरवर्षी पत्र्याचा आकार बदलायचा, म्हणजे शेजाऱ्याची नवी गाडी पाहून आपली जुनी वाटायला लागते. पुढे अमेरिकेत विकली जाणारी जवळपास प्रत्येक दुसरी गाडी जीएमची, असे दिवस आले. १९३१ पासून जगात पहिला नंबर होता, तो २००८ मध्ये टोयोटाने घेतला.

आता माझ्या धंद्यातलं.

१९०८ साली, जीएममध्ये यायच्या आदल्या वर्षी, कॅडिलॅकच्या तीन गाड्या इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर नेल्या. रॉयल ऑटोमोबाईल क्लबच्या देखरेखीखाली तिन्ही पार खोलल्या, भाग एकमेकांत मिसळून टाकले, त्यातले ८९ काढून घेतले आणि त्यांच्या जागी दुकानातल्या साठ्यातले दिले. त्या ढिगाऱ्यातून मेकॅनिकांनी पाना आणि स्क्रूड्रायव्हर एवढ्यावर तीन गाड्या पुन्हा जोडल्या आणि ५०० मैल पळवून दाखवल्या. कानस लावायची नाही, ठोकून बसवायचं नाही. त्या काळी फिटर हातात कानस घेऊनच गाडी जोडायचा. कॅडिलॅकचा प्रमुख हेन्री लीलँड बंदुकांच्या कारखान्यांत शिकलेला होता, मापाचा वेडा. या कामगिरीवर ड्यूअर ट्रॉफी मिळाली. एका नंबरचा भाग म्हणजे तोच भाग, कुठूनही उचला. आम्ही क्वालिटीवाले ज्या भाकरीवर जगलो ती ही.

आणि याच कंपनीत साधारण शंभर वर्षांनी काय झालं पहा.

शेवरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन वगैरे गाड्यांचा इग्निशन स्विच. त्यात एक छोटा खटका असतो, मागे स्प्रिंग, त्यामुळे चावी 'रन'वर टक्कन बसते. हा खटका आखूड होता आणि स्प्रिंग नरम. जड कीचेन लोंबली, गुडघा लागला किंवा चाक खड्ड्यात गेलं की चावी आपोआप मागे सरकायची. चालत्या गाडीत इंजिन बंद. पॉवर स्टिअरिंग गेलं, ब्रेकची मदत गेली, आणि सगळ्यात वाईट म्हणजे एअरबॅग उघडायची नाही. तक्रारी २००४-०५ पासून येत होत्या. २००६ मध्ये खटका लांब केला गेला. दुरुस्ती बरोबर होती. फक्त पार्ट नंबर बदलला नाही.

हे वाचून तुम्हाला काही वाटणार नाही. मला त्या रात्री झोप लागली नव्हती.

हिंजवडी_ते_नोव्ही

काका, खरंच नाही वाटलं काही. मी सॉफ्टवेअरवाला. नंबर न बदलल्याने एवढं काय बिघडतं?

जुना_गेज

व्हर्जन न बदलता प्रॉडक्शनवर कोड चढवलात तर काय होतं? तेच. फक्त इथे मागे जाऊन लॉग बघायची सोय नाही.

चिंचवडला नवा होतो तेव्हा आमच्या फोरमनने माझ्या टेबलावर दोन बुश (नळीसारखे छोटे भाग) ठेवले. एकाच बिनमधले, एकाच नंबरचे. म्हणाले, फरक सांग. डोळ्याला सारखे, हाताला सारखे. व्हर्निअर लावला तर एकाची कॉलर पाव मिलिमीटरने जाड. कुणीतरी तक्रार आली म्हणून डाय (साचा) घासली होती आणि ड्रॉइंगवर रिव्हिजन टाकायचा कंटाळा केला होता. फोरमन म्हणाले, "नंबर बदलला असता तर जुना माल मेला असता. आता त्याचं भूत झालंय, स्टोअरभर फिरेल."

जीएममध्ये नेमकं हेच झालं. कंपनीचे तपास करणारे इंजिनिअर गोंधळले, कारण २००७ पर्यंतच्या गाड्यांत दोष दिसतो आणि २००८ च्या गाड्यांत नाही, कागदावर मात्र स्विच तोच! वर्षं गेली त्यात. शेवटी जॉर्जियातल्या एका अपघाताच्या दाव्यात फिर्यादीच्या वकिलाने लावलेल्या तज्ज्ञाने वेगवेगळ्या वर्षांचे स्विच खोलून शेजारी शेजारी ठेवले. एकातला खटका आखूड, दुसऱ्यातला लांब. जगातल्या सगळ्यात मोठ्या मोटर कंपन्यांपैकी एक, आणि तिला हे बाहेरच्या माणसाने टेबलावर मांडून दाखवलं.

२०१४ मध्ये या स्विचसाठी २६ लाख गाड्या परत बोलावल्या. नुकसानभरपाईच्या निधीने १२४ मृत्यू मान्य केले. २०१५ मध्ये कंपनीने सरकारशी तडजोड करून ९० कोटी डॉलर्स भरले.

चौकशी अहवालात दोन शब्द आहेत, ते इकडे कॅन्टीनमध्येही तोंडी झाले होते. एक 'जीएम सॅल्यूट': दोन्ही हात छातीवर आडवे, बोटं दोन बाजूंना, म्हणजे जबाबदारी याची किंवा त्याची, माझी नाही. दुसरा 'जीएम नॉड': मिटिंगमध्ये सगळे माना डोलावतात, हो हो करायलाच हवं, आणि दाराबाहेर पडल्यावर कुणीच करत नाही. हे दोन्ही मी इतर ठिकाणीही पाहिलेत. चिंचवडलासुद्धा. त्यामुळे हसायला आलं नाही.

अजून एक. २००८ मध्ये कर्मचाऱ्यांना एक सादरीकरण दाखवलं होतं, रिपोर्टमध्ये कोणते शब्द लिहू नयेत याचं. 'दोष' लिहू नका. त्या यादीत 'कॉर्वेअरसारखी' हाही शब्द होता.

कॉर्वेअर म्हणजे त्यांची १९६० ची मागे इंजिन असलेली छोटी गाडी. राल्फ नेडर नावाच्या तरुण वकिलाने १९६५ मध्ये पुस्तक लिहून तिच्या मागच्या सस्पेन्शनवर बोट ठेवलं. उत्तर म्हणून कंपनीने काय करावं? त्याच्या मागे खासगी गुप्तहेर लावले. १९६६ मध्ये अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटसमोर माफी मागावी लागली आणि १९७० मध्ये नेडरला ४,२५,००० डॉलर्स देऊन दावा मिटवला. गंमत अशी की १९७२ च्या सरकारी अहवालाने म्हटलं, कॉर्वेअर त्या वेळच्या इतर तसल्या गाड्यांपेक्षा वाईट नव्हती. म्हणजे नाव गेलं ते गाडीपेक्षा गुप्तहेरांमुळे. आणि चाळीसेक वर्षांनी धडा काय घेतला, तर तो शब्द लिहू नका!

ग्रँड_ब्लँकची_मावशी

गेजकाका, संपाचं तुम्ही गाळलंत. तुम्ही व्हेंडरकडचे, तुम्हाला संप कसा आठवेल :)

मी फ्लिंटच्या बाजूलाच राहते. संप सुरू झाला ३० डिसेंबर १९३६ ला. कामगार बाहेर गेलेच नाहीत, कारखान्यातच बसून राहिले, गाड्यांच्या सीटवर झोपले. बाहेरून जेवण खिडकीतून आत यायचं. जानेवारीत पोलिस अश्रुधूर घेऊन आले तर आतल्यांनी गाडीच्या दाराच्या बिजागऱ्या फेकून मारल्या. ४४ दिवसांनी कंपनीने युनियनला मान्यता दिली. तुमच्या ऑफिसातल्या बाईंचे आजोबा त्यात असतील तर त्यांना ब्युइकचा अभिमान का वाटायचा ते मला समजतं. ती त्यांनी बनवलेली होती, कंपनीने नव्हे!

आणि पाण्याची गोष्ट. २०१४ च्या एप्रिलमध्ये शहराने पैसे वाचवायला नळाला फ्लिंट नदीचं पाणी सोडलं. ऑक्टोबरमध्ये जीएमच्या इंजिन कारखान्याने सांगितलं, या पाण्याने आमचे भाग गंजतात, आणि शेजारच्या टाउनशिपचं पाणी घेतलं. गावातल्या लोकांचं पाणी बदलायला पुढचा ऑक्टोबर उजाडला, तोवर मुलांच्या रक्तात शिसं सापडायला लागलं होतं. यात कारखान्याची चूक नाही, त्यांनी भाग तपासले आणि निर्णय घेतला. पण इथे अजूनही म्हणतात, इंजिनाला जे चाललं नाही ते लेकरांना चाललं.

मावळचा_मावळा

तळेगावचा उल्लेख आला म्हणून. पुष्कळांना वाटतं जीएम भारतात नव्वदीत आली. पहिल्यांदा आली १९२८ मध्ये, मुंबईत शिवडीला, सुटे भाग आणून गाड्या जोडायला. स्वातंत्र्यानंतर सरकारने नुसतं जोडू नका, इथे बनवा म्हटलं, तेव्हा १९५४ मध्ये बंद केली. दुसऱ्यांदा बिर्लांबरोबर गुजरातेत हलोलला ओपल ॲस्ट्रा, २००३ पासून शेवरोलेचं नाव, २००८ मध्ये तळेगाव. २०१७ अखेर देशातली विक्री थांबवली, पण तळेगावात मेक्सिकोसाठी बीट बनत राहिली, डिसेंबर २०२० पर्यंत. मग एका चिनी कंपनीशी सौदा ठरला आणि फिसकटला. २०२४ च्या सुरुवातीला तो कारखाना ह्युंदाईने घेतला.

टवेराबद्दल: मामांची चांगली चालली असेल, आमच्या आळीत एक अजून चालते, लग्नाचं वऱ्हाड तिच्यातूनच जातं. पण २०१३ मध्ये १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या होत्या, प्रदूषण चाचणीत गडबड केल्याचं कंपनीनेच सरकारला कळवलं आणि लोक काढले. काकांच्या सॅल्यूटपेक्षा हे बरं म्हणायचं का?

जुना_गेज

मावशी, संप मुद्दामच तुमच्यासाठी ठेवला होता. मावळे, हो, बरं म्हणायचं. उशिरा का होईना, स्वतः सांगितलं.

न्याय म्हणून दुसरी बाजू. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जीएमचा कारखाना होता, गैरहजेरी आणि भांडणांसाठी प्रसिद्ध, १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत पुन्हा उघडला, बहुतेक कामगार तेच. त्यांना जपानला नेऊन शिकवलं आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक दोरी दिली: चूक दिसली तर ओढ, लाईन थांबव. थोड्याच दिवसांत तिथल्या गाड्या टोयोटाच्या जपानमधल्या गाड्यांच्या तोडीच्या निघू लागल्या. म्हणजे माणसं वाईट नव्हती. आता त्या इमारतीत टेस्ला बनते. मात्र बाकीच्या जीएमला ती दोरी उचलायला फार वेळ लागला आणि १ जून २००९ ला दिवाळखोरी आली. सरकारने सुमारे ५० अब्ज डॉलर्स ओतले, २०१३ अखेर बाहेर पडलं तेव्हा १० अब्जांच्या वर बुडाले होते. पॉन्टिॲक, सॅटर्न त्यातच गेल्या.

आता तुमची गाडी. चांगली वाटतेय तर घ्या. विकत घ्यायच्या आधी तिचा व्हीआयएन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) सरकारी रिकॉलच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी परत बोलावलेल्या गाड्यांच्या, साईटवर टाका, काही बाकी असेल तर डीलर फुकट करून देतो. खालून गंज बघा, इकडे रस्त्यावर मीठ टाकतात. हे कॅमरीलाही लागू आहे, सरळ_उत्तर झोपले असतील तर उठवून सांगा.

आणि चावीला काही लटकवू नका. मी २०१४ पासून चावी एकटीच ठेवतो, घराच्या किल्ल्या वेगळ्या. बायकोच्या मते ते वेड आहे.

हिंजवडी_ते_नोव्ही

घेतली! नंबर टाकून पाहिला, काही बाकी नव्हतं.

काका, हिला बटण आहे, चावी फिरवायचीच नाही. तरी आईने निघताना दिलेला पितळेचा गणपतीचा कीचेन होता, चांगला पावशेराचा. तो काढून डॅशबोर्डवर चिकटवलाय. आईला सांगितलं की तिथून त्याला रस्ता दिसतो.