लंडन की पॅरिस: आठ दिवसांसाठी कोणते शहर निवडावे?

निवृत्त गुरुजी, दारव्हा तालुका

सर्वांना नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर ३४ वर्षे नोकरी करून मी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. घरी सात एकर वावर असून त्यात कापूस आणि तूर असते. येत्या मे महिन्यात, पेरणीची धावपळ सुरू होण्यापूर्वी, पत्नीसह आठ दिवस युरोपात जाण्याचे आम्ही ठरवले आहे. दहा दिवसांत सहा-सात देश दाखवणाऱ्या एका सहलीला आमच्या गावचे एक जोडपे जाऊन आले, पण बसच्या खिडकीतून दिसले त्यापलीकडे त्यांना फारसे काही सांगता येत नाही. म्हणून आम्हाला एकच शहर सावकाश पाहायचे आहे.

प्रश्न आहे तो शहर कोणते घ्यावे याचा. माझे मन लंडनकडे ओढते. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावर पूर्वी धावणाऱ्या शकुंतला गाडीचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला घडलेले होते आणि १९९४ पर्यंत ते आमच्या भागातून जात होते. वऱ्हाडातला कापूस बंदराकडे नेण्यासाठी ज्यांनी हा रूळ टाकला, त्यांची राजधानी एकदा डोळ्यांनी पाहावी, अशी शाळेत असल्यापासूनची इच्छा आहे. पत्नी मात्र पॅरिस म्हणते. कारण विचारले, तर तिचे उत्तर एवढेच की लंडनमध्ये जे पाहायचे आहे ते सगळे तुमचे आहे, त्यात माझे काय आहे? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही आणि म्हणूनच मी येथे विचारत आहे.

तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पत्नीचे वय ५९ असून तिचे दोन्ही गुडघे दुखतात. आम्ही दोघेही माळकरी आहोत, त्यामुळे अंडेसुद्धा चालत नाही. मला इंग्रजी वाचता येते, बोलताना अडखळतो. तिला मराठी आणि थोडे हिंदी येते.

वर्ध्याची लेक

गुरुजी, नमस्कार. माझे माहेर सेलू तालुक्यातले. मी चार वर्षे लंडनच्या एका रुग्णालयात परिचारिका होते आणि आता गावी परतले आहे. माझे मत लंडनच्या बाजूने आहे, आणि त्याचे पहिले कारण काकूंचे गुडघेच आहेत. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, नॅचरल हिस्टरी म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट ही मोठी संग्रहालये पाहण्यासाठी तिकीट लागत नाही. वरवर ही पैशांची सोय वाटते, पण खरा फायदा पायांना होतो. तिकीट काढून आत गेलेला माणूस पैसे वसूल व्हावेत म्हणून पाय दुखत असतानाही पाच तास फिरत राहतो. फुकट गेलेला माणूस तासाभराने बाहेर येतो, बाकावर बसतो आणि वाटल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो. भुयारी रेल्वेची सुमारे एक तृतीयांश स्थानकेच पायऱ्यांविना वापरता येतात, परंतु लाल बस ठेंगण्या पायरीची असते आणि खालच्या मजल्यावर पुढे बसले की निम्मे शहर बसल्या जागी दिसते.

ब्रिटिश म्युझियममध्ये अमरावतीची शिल्पे पाहायला मिळतील. नाव वाचून आपल्या माणसाला भरून येते, म्हणून आधीच सांगते की ती आपली अमरावती नव्हे; ती आंध्रातील बौद्ध स्तूपाची शिल्पे आहेत. वाघनखे व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये पाहू, असे मनात असेल, तर ती २०२४ मध्ये उसनवारीने महाराष्ट्रात आणली गेली, हेही लक्षात ठेवा. टॉवर ऑफ लंडनला मात्र तिकीट आहे. तेथे कोहिनूर राणीच्या मुकुटात जडवलेला आहे आणि सरकत्या पट्ट्यावर उभे राहून तो पाहावा लागतो, त्यामुळे नीट नजर ठरेपर्यंत आपण पुढे गेलेले असतो.

या सगळ्याहून मला जे सांगायचे आहे, ते किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घराबद्दल आहे. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये विद्यार्थी म्हणून तेथे राहिले आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते घर विकत घेऊन तेथे स्मारक केले. शांत गल्लीतले, रांगेतल्या इतर घरांसारखेच घर आहे. भिंतीवर एक निळी गोल पाटी आहे, एवढीच वेगळी खूण. माझे वडील मला भेटायला आले होते, तेव्हा त्यांनी उंबऱ्याबाहेरच चपला काढल्या आणि त्या थंडीत पायमोज्यांवर सगळे घर पाहिले. मी त्यांना राणीचा वाडा दाखवला, नदी दाखवली, पण गावी परतल्यावर ते पारावर बसून सांगत ते त्या घराबद्दलच. जवळच प्रिमरोझ हिल नावाची टेकडी आहे, तिचा चढ काकूंना जमला तर वरून सगळे लंडन दिसते.

जेवणाचा प्रश्न लंडनमध्ये जवळजवळ नाहीच. युस्टन स्थानकाजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर जुनी शाकाहारी उपाहारगृहे आहेत, वेम्बलीत गुजराती दुकाने आहेत, आणि १९३२ पासून चालत आलेले महाराष्ट्र मंडळही आहे.

चंद्रपूरचा अनिकेत

गुरुजी, एकच शहर का? लंडनच्या सेंट पँक्रसपासून पॅरिसच्या गार द्यू नॉरपर्यंत समुद्राखालून रेल्वे आहे आणि ती सव्वादोन तासांच्या आसपास पोहोचवते. नागपूरहून वर्ध्याला जाऊन परत यावे, तेवढ्याच वेळेचे हे काम आहे. चार दिवस इकडे, चार दिवस तिकडे केले म्हणजे दोघांचेही मन राहील.

संत्रावाला, वरुड

अनिकेतभाऊ, गाडी सव्वादोन तासांची असली, तरी व्हिसा दोन लागतात. ब्रिटनचा वेगळा आणि फ्रान्ससाठी शेंगेनचा, म्हणजे युरोपातील अनेक देशांचा मिळून असलेला, वेगळा. दोन्हींचे शुल्क, दोन्हींची कागदपत्रे आणि बोटांचे ठसेही दोनदा. शिवाय सामान बांधणे, नवा मुक्काम शोधणे आणि नव्या जागी रुळणे यात आठातले दीड दिवस सहज जातात. गुरुजींनी एकाच शहराचे ठरवले आहे, ते योग्यच आहे.

गुरुजी, माझा अनुभव पॅरिसचा आहे. बगीचा व्यापाऱ्यास देऊन मोकळा झालो होतो, म्हणून २०२४ च्या फेब्रुवारीअखेर आम्ही चार शेतकरी तेथील कृषी प्रदर्शन पाहण्यासाठी गेलो. १९६४ पासून दरवर्षी भरणारे हे प्रदर्शन ऐन शहरात भरते, आणि गाई, मेंढ्या, घोडे घेऊन शेतकरी राजधानीत मुक्कामाला येतात. त्या वर्षी उद्घाटनाच्याच दिवशी तेथील शेतकऱ्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या तोंडावर शिट्ट्या वाजवल्या, कारण शेतमालाला भाव नाही ही त्यांचीही तक्रार होती. प्रदर्शन मे महिन्यात नसते, त्यामुळे ते तुम्हाला दिसणार नाही. मी ते सांगितले ते एवढ्यासाठी की पॅरिस म्हणजे केवळ अत्तर आणि कपडे हा माझा समज तेथे गळून पडला.

परत येण्याच्या आदल्या दिवशी ओर्से संग्रहालयात गेलो. सेन नदीच्या काठी १९०० सालच्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेले हे मूळचे रेल्वे स्थानक. आजही आत छताखाली मोठे घड्याळ आहे. तेथे मिले नावाच्या चित्रकाराने १८५७ मध्ये काढलेले एक चित्र आहे. कापणी झालेल्या वावरात तीन बायका वाकून गव्हाच्या ओंब्या वेचत आहेत. आपल्याकडे हरभरा, तूर निघाल्यावर मागे पडलेले वेचतात तो सरवा, तोच आहे हा. मागे दूरवर गंज्या लागल्या आहेत, भरलेली गाडी उभी आहे आणि उजवीकडे कोपऱ्यात घोड्यावर बसलेला मुकादम आहे. पिकाची सगळी रास लांब मागे आणि या बायका ऐन पुढे, अशी मांडणी आहे. डावीकडच्या बाईने दुखऱ्या कमरेवर हात ठेवला आहे. मी त्या चित्रापुढे बराच वेळ उभा होतो आणि सोबतचे मला शोधत होते. लूव्र संग्रहालयात मोनालिसापुढे गर्दीत जेमतेम दोन मिनिटे मिळाली, तिचे मला फारसे काही आठवत नाही.

काकू म्हणाल्या की लंडनमध्ये माझे काय आहे, त्यावर मला हे चित्र सांगावेसे वाटले. ते दाखवून पाहा.

आता व्यवहाराचे. लूव्र मंगळवारी बंद असते, ओर्से सोमवारी. ओर्से गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत उघडे असते आणि संध्याकाळनंतर गर्दी ओसरते. चित्रे कधी कधी बाहेरच्या प्रदर्शनांना जातात, म्हणून निघण्यापूर्वी ते चित्र जागेवर आहे की नाही, हे संकेतस्थळावर पाहून घ्यावे. १ मे रोजी दोन्ही संग्रहालये बंद असतात आणि ८ मे हीदेखील तेथे सार्वजनिक सुटी असते, तेव्हा महिन्याचा पूर्वार्ध टाळून मध्यावर जावे आणि रोहिणी लागण्यापूर्वी परत यावे. लूव्रचे तिकीट जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्या पर्यटकांसाठी ३२ युरो झाले आहे. आयफेल टॉवरला लिफ्ट आहे. पायऱ्यांच्या वाटेला जाऊ नका, दुसऱ्या मजल्यापर्यंतच त्या ६७४ आहेत. आगीत होरपळलेले नोत्र दाम हे जुने चर्च डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडले आणि तेथे प्रवेशासाठी पैसे लागत नाहीत. मेअखेरीस सूर्य साडेनऊनंतर मावळतो, त्यामुळे दुपारी दोन तास खोलीवर पडून राहिले तरी दिवस हातचा जात नाही.

माळकऱ्याने तेथे तीन गोष्टी जपाव्यात. बाजारातल्या खुसखुशीत क्रोसाँवर बहुतेक ठिकाणी अंड्याचा हात फिरवलेला असतो. चीज जमवण्यासाठी अनेकदा वासराच्या जठरातले रेनेट वापरतात. साधा लांब पाव मात्र निर्धास्त घ्यावा. १९९३ च्या तेथील नियमानुसार पारंपरिक पाव म्हणून विकायचा, तर त्यात पीठ, पाणी, मीठ आणि खमीर एवढेच असावे लागते. गार द्यू नॉरच्या मागे ला शापेल भागात तमिळ लोकांची दुकाने आहेत, तेथे इडली-डोसा मिळतो. स्वयंपाकाची सोय असलेली खोली घ्यावी आणि डाळ, तांदूळ, तिखट सोबत न्यावे, पण तूप आणि पेढे नेऊ नयेत, दुधाचे पदार्थ आत नेण्यास बंदी आहे. मी भेट म्हणून संत्री नेणार होतो. रोगमुक्तीच्या प्रमाणपत्राशिवाय तीही चालत नाहीत.

वर्ध्याची लेक

वरुडच्या दादांचे सगळे पटले, एका गोष्टीवाचून. पॅरिसची मेट्रो १९०० पासूनची आहे आणि बहुतेक स्थानकांना लिफ्ट नाही. एक गाडी बदलताना दोन-तीन जिने चढावे-उतरावे लागतात. काकूंनी तेथे मेट्रोत उतरूच नये. बसने फिरावे, किंवा नदीतून बोटीने, आणि विमानतळावर चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवावी. तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. ही काळजी घेणार असाल, तर माझा लंडनचा हट्ट नाही.

कागदपत्रांचा माणूस, मंगरुळपीर

गुरुजी, शहर तुम्ही ठरवा, कागदांचे मी सांगतो, कारण आपल्याकडच्या शेतकऱ्याचे काम तेथेच अडते. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसल्याने अनेकांकडे विवरणपत्र नसते आणि मग उत्पन्न दाखवायचे कसे, हा प्रश्न येतो. आमच्या भागातील एका कास्तकाराला एका एजंटाने अर्जाच्या आधी खात्यात उसने आठ लाख भरायला लावले. अचानक आलेली ती रक्कम पाहूनच अर्ज नाकारला गेला, शुल्क बुडाले आणि एजंटाने फोन उचलणे बंद केले. खात्यात थोडी रक्कम असली तरी चालते, पण ती कोठून आली हे दिसले पाहिजे. तुम्हाला निवृत्तिवेतन आहे, ते दरमहा जमा होताना दिसते, त्यामुळे तुमचे काम सोपे आहे. सहा महिन्यांचे खाते-विवरण, निवृत्तिवेतनाचा आदेश, सातबारा आणि आठ-अ यांचे इंग्रजी भाषांतर आणि कापूस विकल्याच्या पावत्या जोडा. काकूंच्या नावावर काही जमीन असेल, तर तिचा सातबारा वेगळा लावा, कारण परत येण्यासाठी मागे काही आहे हे त्यांचेही दिसले पाहिजे.

शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा बंधनकारक आहे आणि प्रौढांचे शुल्क ९० युरो आहे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि प्रवास पंधरा दिवसांच्या आत येऊन ठेपला की अर्ज घेत नाहीत. ठसे देण्यासाठी मुंबईला जावे लागणार असे धरून विदर्भ एक्स्प्रेसचे आरक्षण आताच करून ठेवा, मार्च-एप्रिलमध्ये भेटीच्या वेळा मिळत नाहीत.

निवृत्त गुरुजी, दारव्हा तालुका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री जेवणे झाल्यावर वरुडच्या भाऊंनी सांगितलेले चित्र मी मोबाइलवर उघडून पत्नीच्या हातात दिले. चित्र कोणाचे, कोठले, हे काहीच सांगितले नाही. तिने ते बोटांनी मोठे केले आणि बराच वेळ पाहत राहिली. मग मी म्हणालो की डावीकडच्या बाईची कंबर दुखत असावी, म्हणून हात पाठीवर आहे. ती म्हणाली, "कंबर नाही. वेचलेल्या ओंब्यांची मूठ आहे ती. एका हाताने वेचायचे आणि भरलेला हात मागे धरायचा, म्हणजे वाकताना मधे येत नाही. आईसोबत सरव्याला जायचो तेव्हा आम्हीही अशीच धरायचो."

मी चित्र पुन्हा पाहिले. भाऊ, आपणही पाहावे. त्या मुठीत खरोखरच ओंब्या आहेत. लग्नाला ३६ वर्षे झाली, ती लहानपणी सरवा वेचत होती हे मला माहीत होते, पण हात कसा धरायची, ते मी कधी विचारले नव्हते.

आम्ही पॅरिसला जात आहोत. मेच्या मध्यावर निघू, बसनेच फिरू आणि ओर्से संग्रहालयासाठी गुरुवारची संध्याकाळ राखून ठेवू. सेलूच्या ताईंनी सांगितलेले घर माझ्या मनातून जाणार नाही. गुडघ्यांनी साथ दिली, तर पुढच्या वर्षी लंडन.

मंगरुळपीरच्या भाऊंना एकच विचारायचे आहे. सात एकरांपैकी तीन एकर पत्नीच्या नावावर आहेत आणि निंदण, वेचणी ती आजही स्वतः उभी राहून करून घेते. अर्जात तिच्या व्यवसायाच्या रकान्यात मी गृहिणी लिहिले होते. आज सकाळी तिने ते खोडून शेतकरी लिहायला सांगितले आहे. त्यासाठी सातबारा पुरेसा होईल, की तलाठ्याचा वेगळा दाखला काढावा लागेल?